उणे चारपेक्षा जवळ

तिला क्लासमध्ये सगळे शंका म्हणायचे. नाव सरांनीच ठेवलेलं. "उठली आमची शंका!" असं सर म्हणाले की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि ही बया हसणं संपेपर्यंत हात वर करून उभी. लाजबीज काही नाहीच.

सरांच्या क्लासच्या दोन तुकड्या होत्या. वर 'अ' आणि खाली 'क'. 'ब' कुठे गेली ते देव जाणे. मोठ्या गणित स्पर्धेची तयारी सर फक्त 'अ'ची करून घ्यायचे. 'क'वाले पास झाले तरी पुष्कळ. चाचणीत शंकाला दोन मार्क कमी पडले आणि तिचं नाव 'अ'मधून खालच्या मजल्यावर गेलं. दुसरी एखादी रडली असती. हिच्या डोक्यात तिडीक गेली, कारण ते दोन मार्क तिच्या हक्काचे होते.

गणित केवल मूल्याचं होतं: |२x − ६| < −४. अशा गणितांसाठी सरांची एक ठरलेली युक्ती होती. उभ्या दांड्या काढा, उजवीकडचा आकडा चिन्ह बदलून डावीकडेही लिहा, सोडवा आणि मोकळे व्हा. इथे त्या युक्तीनं x म्हणे पाचापेक्षा मोठा आणि एकापेक्षा लहान! असा आकडा कुणी पाहिलाय? "उलटं आलं तर सरळ करून घ्यायचं," सरांनी शिकवून ठेवलेलं. मग काय, वर्गानं एकमुखानं लिहिलं, १ < x < ५. शंकानं लिहिलं, 'असा x नाहीच.' त्यावर सरांनी भला मोठा भोपळा काढला आणि वर्गाचं उत्तर बरोबर म्हणून फळ्यावर लिहून ठेवलं.

"जाऊ दे ना," घरी आत्या म्हणाली. शंका तिच्याकडेच राहायची. "दोन मार्कांसाठी सरांशी कशाला पंगा?"

"आत्या, केवल मूल्य म्हणजे अंतर. शून्यापासून किती लांब, एवढंच. डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, अंतर काही उणे होत नाही. आणि हे म्हणतात, उणे चारपेक्षाही कमी अंतर असलेला आकडा शोधा."

आत्यानं जरा विचार केला. "म्हणजे आपल्या दारापासून उणे चार पावलांच्याही अलीकडे कोण राहतं, असं?"

"बरोब्बर!"

"भूतसुद्धा नाही राहायचं गं," आत्या म्हणाली. "जा, भांड."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच शंका सरांच्या केबिनमध्ये हजर. तिनं सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग पेन घेऊन बसले, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं होतं. गेली कित्येक वर्षं ते हेच शिकवत आले होते, तेही कळलं असावं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघ, तुझे दोन मार्क मी देतो. तू 'अ'तच राहा. पण वर्गात याचा ब्र काढायचा नाही. सगळ्यांचे मार्क बदलायचे म्हणजे पालक माझ्या डोक्यावर बसतील."

शंकाला खरंच मोह झाला. स्पर्धेला जायचं ती सातवीपासून मनाशी घोकत होती, आणि नुसतं "हो सर" म्हटलं की काम फत्ते. कुणाला कळलंही नसतं.

"मग फळ्यावरचं उत्तर तसंच राहणार?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

तिला काय करायचं होतं ते तिनं 'अ'चा वर्ग भरल्यावर दाखवलं. सर आत येण्याआधीच ती फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला. "एक ते पाचमधला कुठलाही आकडा सांगा."

"तीन!" कुणीतरी ओरडलं. दोन त्रिक सहा, वजा सहा, शून्य. "शून्य उणे चारपेक्षा लहान?" नाही. "दोन!" केवल मूल्य दोन आलं. "चार!" पुन्हा दोन. "दीड!" तीन. आता कुणी हसत नव्हतं. एकानं शंभर सांगून पाहिलं, एकानं उणे शंभर. एकही आकडा बसेना.

"हे काय चाललंय?" सर दारात उभे होते. कान लालबुंद. "आत्ताच्या आत्ता 'क'मध्ये जायचं. आणि स्पर्धेचं नाव काढायचं नाही!"

शंकाचा आवाज ठणठणीत निघाला. "जाते सर. पण खालीसुद्धा या गणिताचं उत्तर हेच येणार."

तिनं १ < x < ५ वर आडवी रेघ मारली, खाली 'असा x नाही' असं ठळक लिहिलं आणि दप्तर उचललं. सर तरातरा फळ्याकडे गेले, डस्टर घेतलं आणि पुसायला हात वर केला.

"एक मिनिट सर," मागच्या बाकावरून आवाज आला. "उतरवून घेतोय."

सरांनी वळून पाहिलं. अख्खा वर्ग मान खाली घालून लिहीत होता.

जिन्यात शंकाला रडू फुटलं. स्पर्धा गेली होती, त्याचं वाईट वाटतच होतं. तिनं बाहीला नाक पुसलं, 'क'चं दार उघडलं आणि बसायच्या आधीच हात वर केला.