खंडेनवमीला गेलेली वजने

मी एक जुना तराजू आहे. पण मित्रांनो, मोंढ्याच्या बाजारात सरकी तोलतो तो मी नव्हे. त्या धटिंगणाशी माझे नाते सांगाल तर मला राग येईल. मी काचेच्या घरात राहणारा, साइन्सचा तराजू. माझ्या पारड्यात डोक्याचा एक केस टाकला तरी माझा काटा हलतो. मी खोटे बोलत नाही. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मुंबईला आणि रेल्वेने परभणीला आलो, तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. सरकारी हायस्कुलात सगळे शिक्षण उर्दूतून चाले. मला कपाटात ठेवले, वर कापड टाकले आणि कुलूप लावले. "फुटला तर भरून कोण देणार?" असे जो तो म्हणे. मुले पुस्तकातले माझे चित्र बघून परीक्षा देत, आणि मी अंधारात धूळ खात बसे. काय सांगू तुम्हाला, वापरून झिजणे परवडले, पण हे नको!

मग वालूरचे वीरुपाक्ष मास्तर आले. कपाळाला भस्म, आवाज मऊ, स्वभाव त्याहून मऊ. त्यांनी कुलूप काढले. साइन्स घेतलेली मुले तीनच होती. पेठेतल्या व्यापाऱ्याचा लिंगराज, देशमुखांचा आबासाहेब आणि झरीच्या मेंढपाळाचा ग्यानबा. ग्यानबाच्या घरात आजवर कुणी पाटीला हात लावला नव्हता. मॅट्रिकला साइन्सचे प्रात्यक्षिक पहिल्याच खेपेला पास झाले, तर हैद्राबादच्या कॉलेजाचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, त्याला मिळणार होती. न मिळाली तर मेंढरे होतीच. बाकीच्या दोघांचे काही अडणार नव्हते. याचे सगळेच माझ्यावर अवलंबून होते.

आणि काय हात होता त्या पोराचा! माझी पितळी वजने तो नेहमी चिमट्याने उचले. बोट लागले तर बोटाचा घाम लागतो, हे त्याला एकदाच सांगावे लागले. मी त्याच्यावर जीव टाकला, हे आज उघड सांगतो.

दसरा आला. ग्यानबा घुटमळत मास्तरांपुढे उभा राहिला.

"मास्तर, आमच्यात खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार ते पूजेला मांडतेत. बापाची लोकर कातरायची कातर हाय, आईचा इळा हाय. माझं काय मांडू?"

मास्तर हसले. "तुझं काय मांडायचं म्हणतोस?"

"ही वजनं द्या की. दोन रोजात आणून देतो."

सरकारी वस्तू शाळेबाहेर न्यायची तर रीतसर अर्ज लागे. त्यावर हेडमास्तरांची सही लागे. मास्तरांचा जीव विरघळला, त्यांनी अर्ज भरला नाही आणि पेटी त्याच्या हातात दिली. मला आनंदच झाला हो! इतक्या वर्षांत माझी पूजा करावी असे कुणाच्या मनात आले होते?

वजने परत आली ती सोन्यासारखी लखलखत. ग्यानबा जरा बावरला होता. तो आपट्याची पाने आणायला गेला, तेवढ्यात त्याची आई भिवराबाई हिने सगळी वजने चिंच आणि राख लावून घासली होती. काळे पितळ देवापुढे कसे मांडायचे? घरच्या देवांचे टाक घासते तशीच तिने ती घासली, मनापासून, जोर लावून.

"लय चमकायलेत," मास्तर कौतुकाने म्हणाले. पुढे तपासणीला आलेले साहेबही खूष झाले. "वाह! कितने साफ रखे हैं!" असे म्हणून त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली.

पण वजन पारड्यात पडले आणि मला लगेच कळले. वजने हलकी झाली होती. फार नाही, चिमूटभर राखेने खाल्ले असेल तेवढीच. मोंढ्यात कुणाला त्याचा पत्ता लागला नसता. माझ्यासाठी तो सर्वनाश होता. मी कुणाला सांगणार? मला काटा आहे, जीभ नाही.

परीक्षेला हैद्राबादहून साहेब आले. त्यांनी एक पुडी दिली. तिचे खरे वजन त्यांनी तिकडेच करून आणले होते. तिघांनी पाळीपाळीने ती तोलली. ग्यानबाने तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता. तिघांनी आपापल्या फॉर्मात उत्तर लिहिले आणि साहेबांचा चेहरा लाल झाला.

"तीनों का जवाब एक, और तीनों ग़लत! नक़ल करते हो?"

"न्हाई साहेब! आमी आपापलं तोललं!"

"पहले किसने तोला?"

ग्यानबाने हात वर केला. झाले! याचे पाहून बाकीच्यांनी उतरवले, असे साहेबांनी ठरवून टाकले. तिघे इमानदारीने वागले म्हणूनच तिघांचे उत्तर एक आले, हे त्यांच्या मनात आले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी! तिघेही नापास झाले, आणि उत्तर पुरवणारा हाच म्हणून ग्यानबाच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात 'नक्कल' असे पडले. वजीफा गेला.

पाडव्याच्या सुमाराला ग्यानबा धापा टाकत वर्गात शिरला. घरी आई पितळी तांब्या घासत होती. ओघळणारे पाणी पिवळट दिसले आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मास्तर, पितळ झिजलंय! वजनं हलकी झाल्यात!"

कपाटात त्याच मापाचे एक सुटे वजन होते, पेटीबरोबर न गेलेले. मास्तरांनी ते एका पारड्यात ठेवले, दुसऱ्यात घासलेले. घासलेल्याचे पारडे वर गेले. माझ्या आयुष्यात इतक्या आवेगाने मी कधी काटा हलवला नव्हता.

"आता लिव्हा साहेबाला! माझं कोन ऐकल? तुमची सही लागंल."

मास्तरांनी टाक उचलला. मग खाली ठेवला. "ग्यानबा, वजनं बाहेर कशी गेली असं विचारतील. अर्ज नव्हता रे. माझी नोकरी जाईल. लेकरंबाळं आहेत मला. थांब जरा, लिहितो. उद्या लिहितो."

तो उद्या आला नाही. लिंगराज दुकानात बसला, आबासाहेब दुसऱ्या खेपेला पास झाला. ग्यानबा शाळेत यायचा थांबला.

मग एका दुपारी भिवराबाई आली. झरीहून उन्हात चालत.

"मास्तर, लेकरू मेंढरामागं हिंडायलंय. बोलंना झालंय. इचारलं तर म्हनतंय, माझंच चुकलं. काय चुकलं त्याचं, तेवढं सांगा की."

मास्तर कागद आवरू लागले. टेबलावर पेटी उघडी होती. बाईने आत डोकावले.

"आगं बाई, पुन्हा काळी पडली व्हय? म्हनून साहेब रागावला आसंल! द्या मास्तर, घासून देते. औंदा आनखी जोर लावते. माझ्या लेकराला पदरात घ्या."

मास्तरांनी पेटी मिटली. "घरी जा, बाई," एवढेच ते म्हणाले. ती पाया पडून गेली.

मित्रांनो, मी तेव्हा फुटून का गेलो नाही, याचेच मला नवल वाटते. पुढे निजामाचे राज्य गेले. फाटकावरची पाटी बदलली. मास्तर मान मिळवून पेन्शनीत गेले. मी पुन्हा कापडाखाली आहे.

तुमच्या शाळेतल्या वस्तू जपा, असे मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. जपा. पण त्या आईने माझी वजने जपलीच होती, आणि मास्तरांनी आपली नोकरी जपली. मी जड वस्तू आहे, खरे काय ते काटा हलवून एकदा सांगितले, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. तुम्हाला तोंड आहे. कुणावर खोटा आळ आलेला तुम्हाला ठाऊक असेल, तर तोंड त्याच दिवशी उघडा. उद्यावर टाकू नका. झरीच्या माळावर ग्यानबा आता म्हातारा झाला असेल, आणि त्याच्या फॉर्मवर अजून 'नक्कल' असेच लिहिलेले आहे.