खाट तिरकी ठेवणारा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. घाबरू नका, मला धड नाही. अनेकजण मिळून खेळतात अशा एका ऑनलाइन खेळात घर सजवायला घेतलं की पडद्यावर जो पांढरा हात येतो, तो मी. वस्तू उचलायची, आखलेल्या चौकोनात ठेवायची, फार तर काटकोनात फिरवायची, एवढंच मला शिकवलं होतं. तरी सुरुवातीला सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. पुढे मात्र "हा हात आहे की ठोकळा?" हे ऐकून ऐकून, नसलेले कानही किटले.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम एका बहीणभावाचं. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला, धाकटा भाऊ दूरच्या शहरात. त्यांचं लहानपणीचं घर पाडलं गेलं होतं आणि ताईजवळ राहणाऱ्या आईला हल्ली फारसं काही आठवत नसे. म्हणून दोघांनी खेळात तेच घर उभं केलं. घोडं अडलं ते आईच्या खाटेपाशी. ती खाट तिरकी असायची, कारण उशीवर डोकं टेकूनही आईला दार दिसायला हवं असे. मला तर तिरकं ठेवताच येत नव्हतं! मग ताईने युक्ती काढली. खाट दाराच्या वाटेत ठेवायची आणि दार उघडायचं. धक्का लागून खाट केसभर वळायची. तीन आठवडे ती दार उघडत होती. शेवटी खाट मनासारखी बसली, तेव्हा तिने आईला पडद्यासमोर आणलं.

आई म्हणाली, "दार नुसतं लोटून घे गं, कडी नको लावू. पोरं यायचीत अजून."

त्यानंतर रोज संध्याकाळी आई त्या घरात रमायची.

मग नवा हात आला. तो वस्तू हवी तशी फिरवतो आणि एका बटणासरशी सगळं घर नीटनेटकं करतो. केलेलं मागे घ्यायची सोय मात्र त्याला कुणी दिली नाही. भावाने ताईला खूश करायला ते बटण दाबलं. खाट भिंतीला सरळ चिकटली.

"आई विचारतेय, हे कुणाचं घर," ताईने फोनवर सांगितलं.

"अगं, त्यात काय! होईल परत तिरकी. किती अंशात होती, तेवढं सांग."

"अंश कुणी मोजले होते रे?"



आता रोज ताई नव्या हाताने खाट जराशी फिरवते आणि विचारते, "आई, आता?" आई परक्या घरी आल्यासारखी अवघडून बसते. मला फार वाईट वाटतं. महिनाअखेरीस मला खेळातून काढून टाकणार आहेत.

नवा हात माझ्याहून शंभरपट हुशार आहे, त्याचा मला राग नाही. पण मित्रांनो, कुणाच्या घरातली वाकडी वस्तू सरळ करण्याआधी ती वाकडी का आहे, एवढं विचारत जा. काल आई पडद्यासमोरून उठली आणि ताईला म्हणाली, "चल गं, निघूया आपण. या घरातली माणसं यायची वेळ झाली."