सहा वेळा तोडलेले पैसे

बाबांना नोकरी सोडायची होती. एकोणसत्तराव्या वर्षी फ्लॅटच्या इमारतीच्या गेटवर चौकीदार म्हणून बारा-बारा तास उभं राहून गुडघे गेले होते. महिन्याला बारा हजार लागतात, तेवढे केशवकाकांकडच्या पैशांतून निघतील अशी त्यांची आशा.

अठरा वर्षांपूर्वी हातमाग अन् उमरेडचा प्लॉट विकून आलेले चार लाख त्यांनी काकांच्या हाती दिले होते. काका आमच्याच समाजातले, विणकर कोष्ट्याचं पोर, आता गुंतवणूक सल्लागार. माझं लग्न त्यांनी जुळवलं, आईला खांदा दिला. अशा माणसाला हिशेब कोण विचारतं?

मी विचारला. इतवारीत कापड दुकानात बिलं करते, टक्का मला कळतो.

"नऊ लाख साठ हजार, रुपराव!" काका बाबांना म्हणाले. "दुपटीच्या वर."

"अठरा वर्षांत, काका. वर्षाले पाच टक्के. पोस्टात ठेवले असते तर चौदा लाख झाले असते. अन् तुम्ही पहिल्यांदा घेतला तो फंड तसाच राहू दिला असता, तर सव्वीस."

"बाजार आहे वं बाई. त्याची गॅरंटी कोण घेते?"

"बाजार नाही. तुम्ही सहा वेळा मधेच तोडून पैसे काढले. दरवेळी टॅक्स गेला, चार्जेस गेले, अन् नव्या योजनेचं कमिशन तुमच्या खिशात."

काका बाबांकडे वळले. "सांग गा रुपराव. तुले न विचारता एकदा तरी तोडलं का?"

बाबा खाली पाहत म्हणाले, "मीच म्हणत होतो, काढ म्हणून."

मागावरचं लुगडं कापून उतरवल्याशिवाय मजुरी मिळत नाही. तोवर ते नुसतं सूत; उंदीर कुरतडेल, ओल लागेल. बाबांनी जन्मभर हेच पाहिलं अन् पैशालाही तेच लावलं. रक्कम वाढली की यांचा जीव घाबरायचा. काका चेक आणायचे, बाबा तो चार दिवस देवापुढे ठेवायचे अन् परत त्यांच्याच हाती द्यायचे.

"बाबा चुकले," मी म्हटलं. "पण 'रुपराव, हात नको लावू' एवढं सांगायलेच सल्लागार असते न? ते कधी सांगितलं?"

"तो खुश राहायचा," काका म्हणाले.

हे मी माफ करणार नाही. कारण ते खरं होतं, अन् त्याच खुशीवर काकांचा दुसरा मजला चढला.

काका चहा न घेता गेले. बाबा माझ्यावरच उखडले. "तुह्या मायले खांदा देला त्यानं! तोंड कसं चालते वं तुहं?"

मी भांडी आवरायला लागले. मागून त्यांचा आवाज आला, "नऊ साठचे महिन्याले किती येतीन?"

"साडेपाच हजार."

मग, "अन् आता नाही तोडलं तर? आणखी अठरा वर्षं?"

"खूप होतील, बाबा."

"मी सत्त्याऐंशीचा होईन," ते म्हणाले. बोटांवर मोजावं लागलं नाही त्यांना.

मग त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला, वरून खाकी पँट चढवली, अन् भिंतीचा आधार घेत ड्यूटीवर गेले.