विनीकडचा मसाला

"माझ्या झेवियरच्या कुठल्या पायावर वण होता?" पेट्रिशियाने दारातूनच विचारलं. आत ये म्हणणं राहिलंच.

"पाय मी बघितलाच नाय, मावशी," अंगणातला माणूस म्हणाला. "तिकडच्या थंडीत बूट काढतो कोण?"

तिच्या पोराच्या, झेवियरच्या पायावर कसलाच वण नव्हता. हा मेला सापळ्यात सापडला नाही, म्हणून पेट्रिशियाला उलट जास्तच संशय आला.

माणसाचं नाव जयवंत, गाव मालवणकडे. झेवियर काश्मीरच्या लढाईत लष्कराची लॉरी चालवायचा, तेव्हा शेजारच्या सीटवर हा असायचा, असं त्याचं म्हणणं. लॉरीवर गोळा पडला, झेवियर जागच्या जागी गेला आणि "मी माझ्या हातांनी त्याला माती दिली," हेही त्याचंच म्हणणं.

"आणि आता येतोस? लढाई थांबून तीन वर्षं होत आली."

"धीर झाला नाय, मावशी."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या पावसाळ्यात मरोळच्या याच दारात एक दाढीवाला आला होता. झेवियर जिवंत आहे, सरहद्दीपलीकडे कैदेत आहे, असं सांगून तीन कोंबड्या आणि तिच्या नवऱ्याची, कॉस्मसची नवी घोंगडी घेऊन गेला. तो भामटा होता हे अख्ख्या गावाला कळलं, तसं पेट्रिशियालाही कळलं. पण त्याचं तेवढं एक वाक्य तिने मनातून जाऊ दिलं नाही. झेवियर गेल्याची सरकारी तार चुकू शकते. लढाईत माणसांची अदलाबदल होते. कॉस्मस बिचारा पाद्रीच्या देवळात पोराच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस सांगू या म्हणाला, की ती अंगावर धावून जायची, "जित्या माणसाची मिस सांगतात काय?"

"आत घे गं त्याला," कॉस्मस मागून म्हणाला. "उन्हात उभा हाय."

जयवंत आत आला, भिंतीला टेकून बसला. बोलता बोलता म्हणाला, झेवियर पलटणीच्या लंगरमधल्या डाळीत घरचा बाटलीतला मसाला टाकायचा. पेट्रिशियाने नाक मुरडलं. मरोळचं कुठलं पोर मसाल्याची बाटली घेतल्याशिवाय परगावी गेलंय? एवढं तर नाक्यावरचा पानवालाही सांगेल.

आणि तिथेच तिला युक्ती सुचली.

"जेवून जा," ती म्हणाली आणि मागच्या दाराने शेजारच्या विनीकडे गेली.

"मसाला दे वाटीभर."

"तुला? मसाला?" विनी बघतच राहिली. "दुनिया बुडाली काय गं?"

तिचंही बरोबर होतं. उन्हाळ्यात गावातल्या बाया मिळून मसाला कांडतात, पण भाजणी ज्या त्या घरची. कुणाची कुणाला सांगत नाहीत, आणि दुसरीकडून मसाला उसना आणणं म्हणजे नाक कापून घेणं. पेट्रिशियाने नाक कापून घेतलं. सुक्या बोंबलांच्या कालवणात विनीचा मसाला घातला, जयवंतला वाढलं आणि समोर बसली.

"ओळखलास ना? झेवियरचा मसाला तो हाच."

भामटा असता तर हो म्हणाला असता. पाहुण्याने नुसता मान ठेवायचा म्हटला, तरी हो म्हणाला असता. हो म्हण रं, म्हण, असं पेट्रिशिया मनात म्हणत होती. याला हाकलायचं, की पोरगा पुन्हा जिवंत.

जयवंतचा घास हातात राहिला.

"रागवू नका, मावशी. कालवण चांगलं हाय. पण तो मसाला हा नाय. झेवियरचा कडू होता, जळका. आम्ही लय चिडवायचो त्याला. तर म्हणायचा, मी पलटणीत नाव घातलं तेव्हा आय मिरच्या भाजत होती. जा, तोंड दाखवू नको म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून रडत बसली. मिरच्या जळल्या. आय मरेपर्यंत कबूल करायची नाय, म्हणायचा, पण बाटलीत पुरावा हाय."

कॉस्मस बायकोकडे बघायला लागला. त्या साली मिरचीच खराब आली, असं तिने त्याला सांगितलं होतं, विनीला सांगितलं होतं, अख्ख्या गावाला सांगितलं होतं. चुलीपाशी त्या दिवशी ती आणि झेवियर, तिसरं कुणी नव्हतं.

"हो म्हणायला तुझं काय जात होतं रं?" पेट्रिशिया म्हणाली. "हो म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

जयवंतला काही कळलं नाही. पेट्रिशिया मात्र दोघांच्या देखत, चुलीकडे तोंड न करता, मोठ्याने रडली. पोरगा गेला तो तिच्यापुरता त्या दुपारी गेला.

मग ती उठली. फळीवर मागे त्या सालची दुसरी बाटली होती, झेवियर परत आल्यावर फोडायची म्हणून मेणाने तोंड बंद करून ठेवलेली. तिने सुरीने मेण खरवडलं, कालवण पुन्हा चुलीवर चढवलं, त्यात चमचाभर मसाला घातला आणि तीन ताटं वाढली.

"उद्या पाद्रीला मिस सांगून ये," ती नवऱ्याला म्हणाली.

कॉस्मसने पहिला घास घेतला. कालवण कडू झालं होतं. तो सावकाश चावत राहिला.

"त्या साली मिरचीच खराब होती," तो म्हणाला, आणि भातावर आणखी कालवण ओतून घेतलं.