चंपाबाईंच्या गाण्याची तबकडी

मित्रांनो, माझ्या कडा आता जरा वाकल्या आहेत आणि अंगावरची चकाकीही गेली आहे. मी एका छोट्याशा सिनेमाच्या गाण्यांची जुनी तबकडी आहे. 'तरीवरची माणसं' हे त्या सिनेमाचं नाव. वर्सोव्याहून मढला माणसं नेणाऱ्या होडीची, म्हणजे तरीची, ती गोष्ट. त्यात कोणी नावाजलेला नट नव्हता. हौशी माणसांनी नोकऱ्या सांभाळून, रविवारी जमून तो सिनेमा केला होता.

गाण्यांना चाली लावल्या होत्या नंदकिशोर करंदीकरांनी. ते कांदिवलीला राहत, एका कचेरीत कारकून होते आणि पेटी फार गोड वाजवत. १९८३ साली शूटिंग पाहायला ते वर्सोव्याला गेले. तिथे बोंबील वाळत घालता घालता गाणाऱ्या चंपाबाईंचा सूर त्यांच्या कानी पडला. शेवटच्या गाण्याला हवा तसा आवाज त्यांना मिळत नव्हता. तो तिथे मिळाला.

अंधेरीच्या स्टुडिओत माझा जन्म झाला म्हणा ना! चंपाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्या करंदीकरांना म्हणाल्या, "मास्तर, उभ्यानं मला जमत नाय. भांडायला उभी रायल्यासारकं वाटतंय."

सगळे हसले. मग खाली सतरंजी घातली, माइक खाली आणला. मांडी घालून चंपाबाई गायल्या, 'शीड उतरलं, वारा निजला, दारी माझ्या दिवा जागतो.' गाणं संपलं तरी आवाज टिपणारा माणूस मशीन बंद करायला विसरला. चंपाबाईच घाबरून म्हणाल्या, "झालं ना, मास्तर?"

मी तयार होऊन आले तेव्हा कोरी, काळीभोर होते. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी कडेला धरून उचललं. नंतर त्यांनी माझं वेष्टन वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं नाव ठळक होतं, गीतकाराचं होतं, बासरीवाल्याचंही होतं. चंपाबाईंच्या गाण्यापुढे मात्र नुसतं 'समूहस्वर' छापलं होतं. मास्तरांनी चौकशी केली. "पुढच्या छपाईत घालू," असं उत्तर मिळालं आणि ते गप्प बसले.

सिनेमा एका आठवड्यात उतरला. पुढची छपाई झालीच नाही. मी चंपाबाईंसाठी बाजूला ठेवलेली प्रत होते, पण मला घेऊन वर्सोव्याला जायचं मास्तरांना धाडस होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मी माळ्यावर गेले. घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला. माझ्यावर जुने दिवाळी अंक चढले, मग एक फुटका पंखा. सहा उन्हाळे मी तिथे तापले. मित्रांनो, ज्याच्या पोटात गाणं आहे त्याला मुकं राहणं किती जड जातं, ते मला विचारा.

१९८९ च्या मे महिन्यात एका दुपारी दारात एक मुलगी आली. चंपाबाईंची सुलक्षणा. चार दिवसांवर तिची हळद होती.

"काका, एकच विचारायचंय," ती म्हणाली. "आईचं गाणं बिघडलं होतं का?"

"बिघडलं? कोण म्हणालं?"

"आई म्हणते. आम्ही पिक्चर बघायला गेलो तर तो उतरला होता. तुम्हीपण परत आला नाहीत. आईला वाटलं, आवाज चांगला नव्हता म्हणून गाणं टाकून दिलं. तेव्हापासून ती गात नाही. माझ्या हळदीलाही गाणार नाही म्हणते."

मास्तर माळ्याकडे बघू लागले. त्यांच्या पत्नी जयंतीबाई मात्र स्पष्ट बोलल्या, "अहो, बघत काय बसलात? काढा ती तबकडी!"

हळदीच्या दिवशी मास्तर मला छातीशी धरून वर्सोव्याला गेले. चंपाबाईंनी त्यांना ओळखलं, पण बसा म्हटलं नाही.

"चंपाबाई, तुमचं गाणं यात आहे," मास्तर म्हणाले. "उत्तम झालं होतं. नाव तेवढं छापलं नाही. मी भांडायला हवं होतं, भांडलो नाही. मग तोंड दाखवायची लाज वाटली."

चंपाबाई म्हणाल्या, "नावाचं जाऊ दे रे मास्तर. गाणं बरं झालं, एवढं सांगायला तरी यायचंस! सहा वर्सं मी तोंड मिटून बसले."

मास्तरांनी मला पुढे केलं.

मांडवातल्या लाउडस्पीकरवाल्या कुंडलिककडे अजून जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्याने मला पुसून वर ठेवलं, सुई टेकवली. खरखर झाली आणि मांडवभर चंपाबाईंचा आवाज घुमला. हळद वाटणाऱ्या बायका थबकल्या. चंपाबाई खांबाला धरून ऐकत होत्या.

आणि नेमकी सुई अडकली! माळ्यावर कधीतरी अंगावर ओरखडा पडला होता, मलाही ठाऊक नव्हता. 'शीड उतरलं... शीड उतरलं... शीड उतरलं...' मी तेवढंच म्हणत राहिले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. कुंडलिक धावला. पण त्याच्या आधी चंपाबाईच वैतागून म्हणाल्या, "अगं, पुढं चल की!" आणि पुढची ओळ त्यांनीच उचलली. 'वारा निजला...' आवाज आधी जरा कापला, मग मोकळा झाला. कुंडलिकने हळूच सुई उचलली. बायकांनी ताल धरला. सुलक्षणा हळदीच्या हातांनीच डोळे पुसू लागली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा वाजले नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मी आता चंपाबाईंच्या घरी असते. आम्हा तबकड्यांना उन्हात ठेवू नका, आमच्यावर ओझं रचू नका, मधल्या रेघांना बोटं न लावता कडेने धरा. आणि माझं आणखी एक ऐका. कोणाचं गाणं, कोणाचं काम आवडलं, तर त्याच दिवशी त्याच्या दारी जाऊन सांगा. मला माळ्यावर सहा वर्षं ठेवलं तरी मी वाजले. माणसांना इतकं थांबायला लावू नका.