कथलाचे पुस्तक

मी एक जुनी पळी आहे. मेर्वीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला सहा खिळे आहेत. पहिल्यावर झारा, दुसऱ्यावर किसणी, तिसऱ्यावर गाळणी, चौथ्यावर ओव्हनमधले तापलेले भांडे धरायचे जाड हातमोजे, पाचव्यावर कॅलेंडर आणि सहाव्यावर, शेगडीपासून सर्वांत लांब, मी. पहिल्या चौघांना रोज काम असते. कॅलेंडरला तर मान वर करायला फुरसत नसते. मी मात्र वर्षातून एकदाच खाली उतरते. माझ्यातून आजवर कोणी सूप वाढलेले नाही. मी कथील वितळवायची पळी आहे.

मित्रांनो, दूर उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या आमच्या ईसाल्मी गावात वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरोघरी कथील ओततात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा कथलाचा छोटा तुकडा, म्हणजे नाल, पळीत ठेवायचा, पळी शेगडीवर धरायची आणि कथील वितळून लकाकू लागले की एका झटक्यात थंड पाण्याच्या बादलीत रिते करायचे. चर्र होते, वाफ उठते. बादलीतून जो वेडावाकडा गोळा निघतो तो मेणबत्तीपुढे धरून भिंतीवरची सावली वाचायची. होडी दिसली तर प्रवास. गोळा खरखरीत असला तर पैसा. फार कोणी खरे मानत नाही, पण पाहिल्यावाचून कोणी झोपतही नाही.

मला ओइवाआजोबांनी घडवले. तेव्हा ते आजोबा नव्हते. तळ्यावरच्या तराफ्याचे चालक होते. माणसे, गाड्या, गाई, एकदा तर नवरानवरीसकट अख्खे वऱ्हाड त्यांनी या काठावरून त्या काठाला नेले होते. थंडीत तळे घट्ट गोठले की गाड्या थेट बर्फावरून जात आणि तराफा बंद पडे. मग ते पत्र्याच्या कारखान्यात काम करत. अशाच एका डिसेंबरात उरलेल्या चकतीला ठोकून त्यांनी मला खोलगट केले, बर्चच्या लाकडाची मूठ बसवली आणि कडेला एक छोटी चोच काढली. ते डावखुरे होते, म्हणून चोच उजवीकडे काढली. बाजारातल्या पळ्यांना ती डावीकडे असते.

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. ओइवाआजोबा मला डाव्या हातात धरून जरासे हलवत, चोच पाण्याकडे वळवत आणि कथील अशा बारीक धारेने सोडत की बादलीतून फुले, मुकुट, मोराच्या पिसाऱ्यासारखे काहीबाही निघे. शेजारपाजारचे लोक आपापले नाल घेऊन आमच्याकडे येत. कोणाच्या सावलीचा काय अर्थ लावायचा हे ओइवाआजोबाच ठरवत. चिक्कू माणसाला ते हमखास सांगत, की यंदा तुझ्याकडे पाहुणे फार दिसतात. छोटी मेर्वी बादलीशी उकिडवी बसून पाहत असे. तिथे बसूनच तिने वडिलांच्या तराफ्याच्या गोष्टी ऐकल्या.

पुढे तिची आई गेली, ओइवाआजोबा तळ्यापलीकडच्या वृद्धनिवासात राहायला गेले आणि मी मेर्वीच्या घरी आले. मेर्वी औषधांच्या दुकानात काम करते. तिचा नवरा यार्मो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पण मेर्वीचा खरा जीव लिहिण्यात. सकाळी दुकानात जाण्याआधी ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी तासभर लिहीत बसायची. कधी चार ओळी, कधी एक पान. छापून येण्याची आस नव्हती. दर रविवारी ती दालचिनीचे गोड पाव घेऊन वडिलांकडे जायची, त्यांच्याकडून तराफ्याची एखादी गोष्ट घेऊन यायची आणि आठवडाभर ती कागदावर उतरवायची. लिहिताना गालातल्या गालात हसायची. मला वरून सगळे दिसत असे.

मग ते वर्ष आले. खरे तर त्याच्या आदल्या वर्षाची शेवटची संध्याकाळ. ओइवाआजोबांना खोकला झाला होता आणि रस्त्यावर काचेसारखे बर्फ होते, म्हणून ते आले नाहीत. पहिल्यांदाच मेर्वीने मला हाती घेतले. ती उजव्या हाताची. तिने मला सवयीने डावीकडे कलवले. त्या बाजूला मला चोच नाही. कथील अख्ख्या कडेवरून एकदम घसरले आणि पाण्यात एकावर एक दोन चपट्या थरांनी पडले. त्यात दुसरे काहीच नव्हते. चोचीऐवजी कडेवरून सांडले की कोणतेही पातळ द्रव्य असेच पसरते.

यार्मोने तो तुकडा मेणबत्तीपुढे धरला. भिंतीवर उघड्या पुस्तकाची सावली पडली.

"घे, पुस्तक आलं तुझं," तो म्हणाला. "यंदा तू लेखिका होणार. माझ्या नशिबी मेला दरवर्षी बटाटाच."

तो थट्टा करत होता. मेर्वीही हसली. पण रात्री टेबल पुसताना तो तुकडा तिने फेकला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मला ओरडून सांगावेसे वाटले, की बाई, ते पुस्तक नव्हे, तू मला उलट्या बाजूने कलवलेस. पण पळीला तोंड असते ते फक्त ओतण्यापुरते.

नव्या वर्षात तिने ठरवले, की वडिलांची गोष्ट यंदा पुरी करायची आणि पुढच्या वर्षअखेरीला त्यांना इथे बसवून वाचून दाखवायची. ठरवणे वाईट नव्हते. ओइवाआजोबा अलीकडे एकच गोष्ट दोनदा सांगू लागले होते आणि त्यांना समजेल तोवर ती त्यांच्या कानी पडावी, एवढीच तिची इच्छा होती. तिच्या लेखन मंडळातल्या सिनिक्का नावाच्या मैत्रिणीने तिला फोनवरून नेटाने लिहिण्याच्या युक्त्या शिकवल्या. अंड्याच्या आकाराचे गजराचे घड्याळ टेबलावर आले. ते टिकटिकत असेपर्यंत उठायचे नाही. रोजच्या शब्दांचा आकडा ठरला. आकडा चुकला की दुसऱ्या दिवसाच्या आकड्यात भर.

आधी तिने गाण्याचे मंडळ सोडले. मग शेजारणीबरोबरचे शनिवारचे वाफस्नान. शनिवारीही दुकान उघडे असल्यामुळे सलग मोकळा दिवस एकच उरत होता, रविवार.

पहिल्या रविवारी तिने वडिलांना फोन केला. "बाबा, आज नाही जमत. पुढच्या रविवारी नक्की."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले, कारण ओइवाआजोबा फोनवर नेहमीच तळ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलतात. "ये सावकाश," ते म्हणाले. "मी कुठे पळून जातोय?"

पुढचा रविवार आला, त्यापुढचाही आला. वडिलांविषयी लिहायला वेळ हवा म्हणून वडिलांकडे जाणे राहू लागले. घरात हे कोणाला खटकले नाही असे नाही. एप्रिलमध्ये यार्मो एकटाच जाऊन आला. बूट काढता काढता त्याने सांगितले, की सासरेबुवांनी त्याच्याकडे तराफ्याचे तिकीट मागितले, मग स्वतःच हसले. मेर्वीने घड्याळाला पीळ दिला.

"म्हणून तर घाई आहे," ती म्हणाली.

"अगं, मग जा ना त्यांच्याकडे."

"गेले तर लिहू कधी?"

मित्रांनो, यापुढे सगळे याच चक्रात फिरत राहिले. ते जितके विसरत, तितकी ती घाई करी. ती जितकी घाई करी, तितके ते एकटे पडत. जो माणूस टेबलावर कागदांत वाढत होता, तो तळ्यापलीकडे कमी कमी होत होता. मी भिंतीवर टांगलेली. माझी चोच शेगडीकडे, पाठ खिडकीकडे. काही करता येत नव्हते.

तिच्या अंगावरही ते दिसू लागले. मनगटांना खाज सुटे. झोपेत ती दात इतके आवळी की एक दाढ तडकली. दिवसभर लोकांना झोपेच्या गोळ्या देणारी बाई पहाटे पाण्याचा पेला घेऊन माझ्याखाली उभी राही. सप्टेंबरात सारे गाव रानात लाल बोरे वेचायला गेले, तेव्हा आमच्या घरची बादली कोरडीच राहिली. यार्मो एकदा म्हणाला, की आता तू लिहिताना हसत नाहीस. तिने वर न पाहता विचारले, "त्याने शब्द वाढतात का?"

माझीही अवस्था बरी नव्हती. कडेला गंज धरला होता. शिसे नसलेल्या नव्या कथलाला जास्त आच लागते, तेव्हा ही जुनी पळी टाकून यंदा मेणच ओतू, असे यार्मोने एकदा सुचवले. मेर्वीने ऐकले की नाही कोण जाणे. ती शब्द मोजत होती.

गोष्ट डिसेंबरात पुरी झाली. तिने खरोखर ती पुरी केली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन यार्मोसमोर बसली आणि वर्षात काय साधले, काय निसटले हे बोलू लागली. साधले ते एका वाक्यात संपले. मग ती म्हणाली, "वर्षभर मी दमले होते. पण काय करून दमले, ते आठवायला गेलं तर फक्त हे टेबल आठवतं." यार्मोने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग तो गाडी काढून सासऱ्यांना आणायला गेला.

ओइवाआजोबा आले. कोट मोठा झाला होता, की तेच आत लहान झाले होते? बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज खाऊन झाल्यावर मेर्वीने कागद घेतले. ती वाचू लागली. तळ्यातून एक एल्क, म्हणजे सांबराहून थोराड हरीण, पोहत चालला होता म्हणून तराफेवाल्याने तराफा मधोमध थांबवला आणि गाडीतला साहेब भोंगा वाजवत राहिला, तेव्हा तराफेवाला म्हणाला, की तिकीट तुम्ही दोघांनीही काढलेलं नाही, पण तो तुमच्या आधीपासून पाण्यात आहे. ओइवाआजोबा खदखदून हसले. मेर्वीचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तिने पान उलटले, पण त्यांनी हात वर केला.

"चांगला माणूस दिसतो हा तराफेवाला," ते म्हणाले. "त्याला मूलबाळ होतं का काही?"

यार्मोने ताटलीकडे पाहिले.

"एक मुलगी होती," मेर्वी म्हणाली.

"मग ती यायची की नाही त्याला भेटायला?"

"आधी यायची."

"आणि नंतर?"

"नंतर कामात अडकली."

ओइवाआजोबांनी समजुतीने मान हलवली. "असतात बाई माणसाला कामं," ते म्हणाले, आणि उरलेले सॉसेज मोहरीत बुडवले.

तिने पुढे वाचले नाही. कागद एकत्र केले, गुडघ्यावर ठेवले आणि त्यांवर हात ठेवून बसली.

मग यार्मोने मला खिळ्यावरून काढले. ओइवाआजोबांनी मला डाव्या हातात घेतले. इतक्या दिवसांनी त्या हाताची पकड मला पुन्हा लाभली, तीही पूर्वीसारखीच घट्ट. नाल मऊ पडला, कडा विरघळल्या, कथील लकाकले. ओतायची वेळ झाली. त्यांनी ओतले नाही. ते त्या लकाकीकडे पाहत राहिले. यार्मो हळूच म्हणाला, "सासरेबुवा, ओता आता." ते त्याच्याकडे पाहून विनयाने हसले, जणू तो दुसऱ्याच कोणाशी बोलत होता. पुढे काय करायचे असते ते त्यांना ठाऊक नव्हते. माझी मूठ तापत चालली होती. मला ते हात भाजू द्यायचे नव्हते, आणि मला थंड होता येत नव्हते.

मेर्वी उठली. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मला उजवीकडे कलवले. धार बारीक पडली. चर्र झाले. गोळा बादलीच्या तळाशी गेला. तो काढून मेणबत्तीपुढे धरायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ओइवाआजोबांनी मेर्वीचा हात सोडला नव्हता, आणि ती तशीच वाकून उभी होती.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना तुम्ही घासूनपुसून ठेवलेत तर आम्ही पुष्कळ दिवस टिकतो. गंज घासला की निघतो, मूठ सैल झाली तर नवी बसते. आमच्याकडे दुर्लक्ष झाले तरी ते भरून काढता येते. माणसांचे तसे नसते. तुम्ही कोणासाठी काही मोठे करायला बसाल, तेव्हा मध्येच उठून त्या माणसाकडे जाऊन या. काम थांबते, पण ते जिथे ठेवाल तिथेच राहते. आणि कथलात दिसलेला आकार फार मनावर घेऊ नका. आधी पळीची चोच कुठल्या बाजूला आहे ते पाहा.

नव्या वर्षात मेर्वी रविवारी वृद्धनिवासात जाऊ लागली. परतल्यावर बूट काढत ती यार्मोला काय झाले ते सांगते आणि मी ऐकते. त्या जानेवारीत रविवार पाच होते. मेर्वी पाचही रविवारी गेली. लिहिलेली पाने शून्य. ओइवाआजोबांनी तिला नावाने हाक मारली, एकदा.