पंगतीचं नाटक

"खुर्च्या उखडायच्या म्हणता?" सभागृहाच्या व्यवस्थापकाने चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, पब्लिकला बसायसाठीच तर लावल्या ना त्या?"

दुर्गेश्वरीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. देवरीच्या शाळेत शिकवत असल्याने तिला एकच गोष्ट परत परत सांगायची सवय होती. नाटक पोवार समाजातल्या लग्नाचं. प्रेक्षक म्हणजे वरपक्ष. त्यांनी खुर्चीत बसून टाळ्या पिटायच्या नाहीत, खाली पंगतीत बसून जेवायचं. नवरीकडच्या बाया वाढता वाढता गारी म्हणणार, म्हणजे व्याह्यांना गाण्यातून शिव्या देणार, आणि पंगतीच्या दोन ओळींमधून, लोकांच्या पत्रावळी ओलांडत, एक ठरलेलं लग्न मोडत जाणार.

"म्हणजे लोक तिकीट काढून शिव्या खातील?"

"हो. नाव घेऊन दिलेल्या."

"आणि पहिल्या रांगेतले साहेब लोक चिडले तर?"

"नाव घेतलं म्हणून कोणी चिडत नाही. राहिलं तर चिडतात. आमच्याकडे एका लग्नात एका सोयऱ्याचं नाव गारीत आलं नाही, तर तो भरल्या पत्रावळीवरून उठून गेला. मला परकं धरलं म्हणाला."

व्यवस्थापक मनापासून हसला, आणि मनापासूनच नाही म्हणाला. खुर्च्या पक्क्या होत्या, जेवणाला बंदी होती आणि पुढचे सोफे तर हलणारच नव्हते. नाटक असो की श्रद्धांजली, त्या सोफ्यांवर बसणारे पहिला अर्धा तास सत्कार घेतात आणि दुसऱ्या अर्ध्या तासात उठून जातात, हे दुर्गेश्वरीने कितीदा पाहिलं होतं. अशा बुडांसाठी एवढी मोठी इमारत बांधली आणि गाणाऱ्या बाईला त्यात उतरायला जागा नाही, या विचाराने तिचं डोकं उठलं.

मग चुन्नीलाल सेठचं रिकामं गोदाम ठरलं. जागा बघून ती खूश होती. पोती निघून गेलेली, फरशी गार, आवाज घुमणारा. दुसऱ्याच दिवशी सेठचा फोन आला. "बहनजी, औरतें गाली देंगी और गोदाम मेरा? बिरादरी में क्या मुँह दिखाऊँगा?" स्वतःच्या लग्नात या माणसाने गारी ऐकल्या नसतील काय? ऐकल्या असतील, आणि दात काढून हसलाही असेल. तेव्हा बिरादरी कुठे होती, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचा तिला आठवडाभर राग येत राहिला.

जागा नाही मिळाली तर नाटक पुढे ढकलता आलं असतं. पण गारी म्हणणारी रुक्मामामी पुढे ढकलता येत नव्हती. मामीचं वय झालं होतं, दम लागत होता, आणि पंचक्रोशीत मनाने गारी जोडणारी ती एकच उरली होती. त्यातही तिने गाणं सोडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या सख्ख्या पुतण्याच्या, खुमेंद्रच्या, मुलीचं लग्न झालं. मामी हौसेने उभी राहिली, पहिली ओळ उचलली, आणि खुमेंद्रने डीजेवाल्याकडे बघून बोट फिरवलं. भोंगे असे सुटले की मामीचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता. कोणीतरी हसलं. मामी खाली बसली.

"गाईन," ती दुर्गेश्वरीला म्हणाली होती, "पन लोक खाली बसून जेवले पायजेत. उभ्यानं खानाऱ्याले कशी गारी म्हनाव? ताट घेऊन तो पऊन जाते. पंगत देशील तर गाईन, नाईतर राहू दे."

म्हणून दुर्गेश्वरी पंगत शोधत वणवण फिरत होती. शेवटी फोन आला तो खुमेंद्रचाच.

कोहमाऱ्याच्या नाक्यापुढे त्याचं लॉन होतं. लग्नाचा हंगाम संपलेला, कमानीवरचे प्लॅस्टिकचे हंस उन्हात पिवळे पडलेले. "टेन्शन कायले घेतेस?" खुमेंद्र म्हणाला. "लॉन खालीच पडून राहिलं. गवतावर नाई बसाचं, पार्किंगमंदी बसा. गेटवर माह्या नावाचं बॅनर लागन. फोटो मोठा पायजे."

"लागेल. आणखी?"

"एकच. काकीले सांगून ठेव, गारीत माह्यं नाव नाई काढाचं. मी आता चार लोकांत उठबस करून राहिलो. इमेज हाये."

दुर्गेश्वरीची कानशिलं तापली. ज्याने मामीचा आवाज दाबला, तोच आता गाण्यात काय असावं ते ठरवणार! तिने तिथेच बॅनर त्याच्या गळ्यात घातलं असतं. पण जागा दुसरी नव्हती. ती मामीकडे गेली आणि जमेल तेवढ्या चढ्या आवाजात सगळं सांगितलं. मामी भाजी निवडत होती. "हो म्हन त्याले," ती म्हणाली. "नाई घेत त्याचं नाव."

"मामी, काऊन ऐकतेस त्याचं? त्यानं तुले चार मानसांत खाली बसवलं."

"त्यानं मांगलं, मी देऊन राहिली," मामी म्हणाली आणि पुढची जुडी घेतली. दुर्गेश्वरी तरातरा निघून आली. म्हातारीने मान तुकवली म्हणून तिचा जीव जळत होता, आणि आपणच तिला तिथवर नेलं म्हणून जास्तच.

खेळाच्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये सडा टाकला, पट्ट्या अंथरल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायला दारात गारी म्हणणाऱ्या बायांतली चिचगडची चमेली उभी होती. पाणी घालता घालता ती नाव, गाव विचारायची आणि आत जाऊन मामीच्या कानात सांगायची. खुमेंद्र चार लोकांना घेऊन आला, आणि गंमत म्हणून त्यांच्यासोबत पंगतीत बसला.

ढोलकी वाजली, भात आला, कढी आली, आणि मामीने आवाज लावला.

"केवलराम पावना मोठा नामांकित,
मिश्या बुडवल्या मेल्यानं कढीत."

केवलराम गुरुजींनी हात मिशीकडे नेला आणि पंगतीत हशा फुटला. एकेक नाव येत गेलं. कोणाचं पोट, कोणाचं टक्कल, कोणाचं बायकोपुढे मांजर होणं. ज्याचं नाव यायचं तो लाल व्हायचा, मान खाली घालायचा आणि शेजाऱ्याला कोपर मारायचा. खुमेंद्रने आणलेल्या चारही जणांची नावं आली. एकाच्या तर कारची आणि सासूची अशी काही गाठ मामीने घातली की त्याला ठसका लागला. मग एक पत्रावळ सोडून पलीकडच्याचं नाव आलं.

मध्ये खुमेंद्र होता. तो हसत होता. पुढच्या फेरीत कमी हसला. तिसऱ्या फेरीत शेजारचा त्याला म्हणाला, "काऊन गा, तुयी काकी ना? तुयंच नाव नाई?" आजूबाजूचे जेवायचे थांबून बघू लागले. दुर्गेश्वरी खांबाशी उभी होती. मामीने त्याला काय दिलं ते तिला आता कळलं.

मामी भाताचं घमेलं घेऊन ओळीतून येत होती. खुमेंद्रने मान वर केली. चारचौघांतली उठबस त्याच्या तोंडावरून पार उतरली होती.

"काकी," तो हळूच म्हणाला, "माह्यं एखांदं म्हन ना."

मामी थांबली. गाणं बाकीच्या बायांनी धरून ठेवलं. तिने त्याच्या पत्रावळीवर नीट, मापाने भात वाढला आणि पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने बोलली.

"जेवा साहेब. काई लागलं तर सांगजा."

आणि ती पुढच्या माणसाचं नाव घेत पुढे गेली.